स्टेशनापासून बाजार किती लांब?

भाचा कार्डिफला शिकायला गेल्यापासून आमच्या रविवार दुपारच्या झोपेचं खोबरं झालंय. त्याची सकाळ उजाडते तेव्हा नेरुळला आमची भांडी घासून झालेली असतात, आई गुडघ्यांना तेल चोळून आडवी झालेली असते, आणि नेमका तेव्हाच त्याचा व्हिडिओ कॉल येतो. परवा तो गाडीत होता. खिडकीला फोन लावून आजीला डोंगर दाखवत होता. बिनझाडांचे, शेवाळी रंगाचे, पावसात भिजलेले डोंगर आणि त्यांच्या कुशीत एकमेकींना खेटून उभ्या घरांच्या रांगा. ‘आजी, ही दरीतली रेल्वे. बंद पडली होती, पुन्हा सुरू केली. आता मी शेवटच्या स्टेशनवर उतरणार.’ स्टेशनचं नाव एबू व्हेल टाउन. आईने चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन नाकाजवळ नेला आणि एकच विचारलं, ‘उतरशील ते ठीक रे. स्टेशनापासून बाजार किती लांब?’ तो हसला. म्हणाला, ‘बाजार वर आहे गं. लिफ्टने जायचं.’ ‘स्टेशनात लिफ्ट आहे?’ ‘स्टेशनात नाही, डोंगराला लावलीये.’ मग नेटवर्क गेलं. आई कुशीवर वळून पाच मिनिटांत घोरायला लागली. मी मात्र ते वाक्य डोक्यात घेऊन बसले.

माझं लग्न ठरवायला नेरुळची मंडळी आली होती तेव्हाही तिने हेच विचारलं होतं.

मुलगा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, हे प्रश्न बाबांनी विचारले. आईने चहाचा ट्रे ठेवता ठेवता विचारलं, स्टेशनापासून किती लांब? सासऱ्यांना वाटलं, मुलीच्या नोकरीची काळजी असेल. तसं नव्हतं. आई उरणची. जन्म तिथला, लग्न तिथलं, आणि उरणला तेव्हा प्रवाशांची लोकल नव्हती. तिच्या लेखी जगात दोन प्रकारची गावं होती, स्टेशन असलेली आणि नसलेली. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, पुढच्या वर्षी बेलापूरपर्यंत गेली, १९९८ला पनवेलला पोचली. उरण कडेलाच राहिलं. मुंबईला जायचं तर मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच, ती भाऊच्या धक्क्याला. भरतीला छान. ओहोटीला लाँच गाळात रुतायची भीती, म्हणून वेळापत्रक समुद्र ठरवणार. पावसाळ्यात वाऱ्याचा बावटा लागला की तेही बंद. नाहीतर एसटी, कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत, डिझेलचा धूर नाकात घेत. गव्हाण फाट्याला गाडी थांबली की आई पिशवीतून लिंबू काढून हुंगायची. आम्हा भावंडांना अजूनही लिंबाच्या सालीच्या वासाने मळमळतं, उलट्या थांबवायला दिलेल्या वस्तूने.

त्या रात्री मी एबू व्हेलबद्दल वाचत बसले. साऊथ वेल्समधल्या ज्या दऱ्यांना तिथले लोक नुसतं ‘द व्हॅलीज’ म्हणतात, त्यातली ही एक. कोळसा आणि लोखंड. दरीच्या तळाशी नदी, नदीला लागून रूळ, रुळांना लागून पोलादाचा कारखाना, आणि घरं, दुकानं, चर्च वरच्या उतारांवर. प्रवासी गाड्या १९६२ साली बंद झाल्या. रूळ मात्र उखडले नाहीत, कारण कारखान्याला मालगाड्या लागायच्या. माणसांना बसने पाठवता येतं, पोलादाला नाही. मग २००२ साली कारखानाच बंद झाला. म्हणजे ज्याच्यासाठी रूळ राखले होते तोच गेला, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, फेब्रुवारी २००८मध्ये, त्याच रुळांवरून माणसांची गाडी पुन्हा धावायला लागली, कार्डिफपर्यंत. का, तर गावात काम उरलं नव्हतं. कामाला बाहेर जायला हवं होतं. गावाचा पाया ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने आता गावातली माणसं रोज सकाळी बाहेर पडणार होती. बरं, अंदाजापेक्षा जास्त माणसं आली. गाडी भरून जायला लागली.

पण ती गाडी एबू व्हेलपर्यंत जात नव्हती. ‘एबू व्हेल पार्कवे’ नावाचं स्टेशन बांधलं, गावाच्या मध्यापासून दीड मैल अलीकडे, गाड्या लावायला मोठं मैदान असलेलं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ती आणून इथे लावावी आणि रेल्वेत बसावं. ज्याच्याकडे नाही त्याने काय करावं? कारखान्यातून काढलेल्या, पोरं कार्डिफला गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हातारीने त्या पावसात दीड मैल कसं जावं? बस होतीच म्हणा. बस नेहमीच असते. उरणलाही होतीच.

मला खारकोपर आठवलं.

नोव्हेंबर २०१८मध्ये नेरुळहून आणि बेलापूरहून उरणकडची गाडी सुरू झाली तेव्हा घरात केवढा आनंद. फटाके नाही वाजवले एवढंच. वर्तमानपत्रात आलं होतं ‘उरण मार्गावर लोकल धावली’. मार्गावर धावली हे खरं. उलव्यातच, खारकोपरला जाऊन ती थांबायची. तिथून उरण जवळपास १५ किलोमीटर. सत्तावीस किलोमीटरचा मार्ग, त्यातला निम्म्याहून थोडा कमी झाला आणि उरलेला पुढच्या टप्प्यात. आई मोठ्या हौसेने पहिल्यांदा त्या गाडीने माझ्याकडे आली. भावाने तिला मोटारसायकलवरून खारकोपरला आणून सोडलं. नवंकोरं स्टेशन, उंच छत, चकाचक फरशी आणि माणूस नाही. प्लॅटफॉर्मवर वारा सुसाट. आईचा पदर डोक्यावर राहीना. गाडी यायला वेळ होता, पाण्याच्या नळाला पाणी नव्हतं, तिने पिशवीतली सुकट मांडीवर घट्ट धरून ठेवली होती, उडून जाईल अशी. नेरुळला उतरल्यावर मला म्हणाली, ‘गाडी झकास आहे गं. पण ती आपल्या इथे येत नाही. आपण तिच्याकडे जायचं.’ परत जाताना संध्याकाळ झाली. भाऊ ड्यूटीवर. खारकोपरच्या बाहेर एक इको गाडी उभी, सीट भरल्याशिवाय हलणार नाही. आई आत बसून राहिली, ड्रायव्हर बाहेर ‘उरण, उरण, उरण’ ओरडत राहिला. रेल्वेत जेवढा वेळ गेला त्याहून जास्त वेळ तिने न हलणाऱ्या गाडीत काढला. त्यानंतर तिने खारकोपरचं नाव काढलं नाही. पुन्हा एसटी, पुन्हा लिंबू.

हे सोसावं लागतं ते ठरावीक लोकांनाच. ज्याच्या दाराशी गाडी उभी आहे त्याला १५ किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं. ज्याच्या गुडघ्यात पाणी भरलंय, डोक्यावर पाटी आहे, कडेवर पोर आहे, त्याच्यासाठी तेच अंतर म्हणजे जावं की न जावं. नकाशावर रेघ काढणाऱ्याला पहिले बारा किलोमीटर महत्त्वाचे वाटतात, कारण तिथेच पूल, रूळ, जमिनी, खर्च. प्रवाशाचा जीव शेवटच्या तुकड्यात अडकलेला असतो. आणि तो तुकडा राहिला की राहतो. उरणचा पाच वर्षांहून जास्त राहिला. या मार्गाचा खर्च सिडकोने दोन तृतीयांश आणि रेल्वेने एक तृतीयांश अशा हिशेबाने उचलायचा ठरलेलं, मंजुरी नव्वदच्या दशकातली. माझं लग्न, दोन बाळंतपणं, बाबांचं जाणं, एवढं सगळं त्या मंजुरीच्या आणि गाडीच्या मधल्या काळात झालं.

एबू व्हेलवाल्यांचा दीड मैल सात वर्षं राहिला. सुमारे सव्वा कोटी पौंडांच्या आतलं काम. रूळ पार्कवेपासून वर सरकवले आणि मे २०१५मध्ये एबू व्हेल टाउन स्टेशन सुरू झालं. कुठे? जिथे पूर्वी कारखाना होता त्या जागेवर. भाच्याने दुसऱ्या रविवारी फोटो पाठवले. एकच फलाट, काचेचा छोटा आडोसा, आणि समोर पसरलेली मोकळी, सपाट, इतकी सपाट जागा की डोंगरात ती खोटी वाटते. मैलोनमैल पोलाद ओतलं त्या जमिनीवर आता शाळा आहे, कॉलेज आहे, अन्यूरिन बेव्हन यांच्या नावाचं हॉस्पिटल आहे. बेव्हन म्हणजे इथलेच खासदार, १९२९पासून १९६०मध्ये वारेपर्यंत. ब्रिटनची फुकट आरोग्यसेवा १९४८ साली त्यांनीच सुरू केली. भाच्याला कार्डिफमध्ये ताप आला तेव्हा त्याच सेवेतल्या डॉक्टरने तपासलं होतं, म्हणून आईला हे नाव आवडलं. ‘चांगला माणूस,’ म्हणाली, ‘पण मग बाजार वर का?’

कारण गाव वरच होतं. कारखाना खाली, बाजार वर, आणि मधल्या चढावर माणसांनी शंभर वर्षं चपला झिजवल्या. रेल्वे गावात आली, पण कारखान्याच्या गावात आली, दुकानांच्या नाही. म्हणून त्याच वर्षी त्या उतारावर एक तिरकी लिफ्ट बसवली, रुळांवरून वर-खाली सरकणारी काचेची खोली. फुकट. भाच्याने तिचा व्हिडिओ पाठवला. दार बंद होतं, जमीन हळूहळू तिरपी खाली जाते, छपरं दिसतात, समोरचा डोंगर दिसतो, दीड-दोन मिनिटांत वर. आत एक आजी होती, चाकांची पिशवी घेऊन, भाच्याशी हवापाण्याचं बोलत. तिची आणि आमच्या आईची ओळख व्हायला हवी होती. मात्र ही लिफ्ट अधूनमधून बंद पडते आणि त्यावरून गावात पुष्कळ आरडाओरडा झालेला आहे. बंद पडली की तीच आजी पुन्हा त्याच चढावर. दीड मैल संपवला, आता शंभर-दोनशे पावलं उरली, आणि ती पावलं उभी.

आमच्या पुढच्या टप्प्याचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं. त्याच दिवशी अटल सेतूचं झालं, त्यामुळे टीव्हीवर सगळा वेळ सेतूच. उरणच्या लोकलला तळाशी एक पट्टी. आम्ही पट्टीच बघत होतो. काही दिवसांनी आईबरोबर नेरुळहून निघाले. सीवूड्स सोडलं की गाडी खाडीवर येते, पाणी, खारफुटी, हिवाळ्यात नशीब असेल तर लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. मग कापून काढलेली उलव्याची टेकडी, विमानतळाचं विस्तीर्ण मैदान. बामणडोंगरी, खारकोपर. खारकोपरला आई खिडकीतून बघत राहिली. बोलली नाही काही. गाडी हलली आणि पुढे निघाली तेव्हा मात्र शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, ‘बघा, पुढे जातेय.’ गव्हाण, मग डोंगराच्या कडेने, जासईचा परिसर. इथे १९८४च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, दि. बा. पाटलांच्या मागे, आणि गोळीबारात पाच जण गेले. बाबा त्या आंदोलनात होते की नव्हते यावर आमच्याकडे आजही दोन मतं आहेत. ते स्वतः सांगायचे, होतो. काका म्हणतात, त्या दिवशी तो ताप आणून घरी पडला होता. गाडी त्या गावांवरून झरझर जाते. बाहेर मिठागरं, कोरडी पडलेली, बांध तुटलेले, आणि त्यांच्या पलीकडे एकावर एक रचलेले कंटेनर, निळे, तांबडे, हिरवे.

तिथे मला त्या दरीशी जोडता येत नाही असं काहीतरी लक्षात आलं. एबू व्हेलचं काम गेलं, मग गाडी आली. आमच्याकडे काम आलं, बंदर आलं, गॅसचे प्रकल्प आले, ट्रेलर आले, सगळं आलं, जमीन गेली, आणि गाडी सगळ्यांत शेवटी आली. बंदर १९८९ साली सुरू झालं. मालगाड्यांना रूळ मिळाले, कंटेनर रेल्वेने दिल्लीकडे जायला लागले. माणसं ट्रेलरच्या मागे धुरात उभी. तिकडे काय, इकडे काय, मालाला आधी रूळ मिळतात. याची चीड मला अजूनही येते आणि लगेच लाजही वाटते, कारण याच बंदरावर भावाची नोकरी आहे आणि भाच्याची कार्डिफची फी त्या पगारातून जाते.

उरण स्टेशन कोटनाक्याला. मोठं आहे. उतरून बाहेर यायचं म्हणजे लांबच लांब फलाट, पायऱ्या, मग मोकळं आवार. आईने पायऱ्यांचा कठडा धरला, एक पायरी, दोन्ही पाय, थांबायचं, पुढची पायरी. दोन्ही पाय एकाच पायरीवर आल्याशिवाय पुढे नाही. मागून कॉलेजची पोरं धडाधड उतरत होती, तिला वळसा घालून. एकाने पिशवी घेऊ का म्हणून विचारलं, तिने दिली नाही. पिशवीत नेरुळच्या बाजारातले वाल होते, उरणला वाल मिळत नाहीत अशातला भाग नाही. बाहेर आल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आमच्या वेळी कोटनाका म्हणजे गाव संपलं.’ तिथून बाजारपेठ तशी चालत जाण्यासारखी. माझ्यासारखीला. तिच्यासाठी रिक्षा. रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ती इतकी भडकली की खारकोपरचा सगळा राग त्याच्यावर निघाला. नेरुळ ते उरण रेल्वेच्या तिकिटापेक्षा कोटनाका ते घर महाग, हा कुठला न्याय? रिक्षावाला ओळखीचा निघाला, माझ्या वर्गातल्या मुलाचा धाकटा भाऊ. त्याने शांतपणे सांगितलं, ‘काकू, गाडी तासाने एक. तासभर मी इथे उभा राहतो, त्याचं कोण देणार?’ हे काही खोटं नव्हतं. दरीतली गाडीही कित्येक वर्षं तासाला एकच होती. एकेरी रूळ, समोरून येणारी गेल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही. अलीकडे काही भागात दुहेरी केला तेव्हा कुठे २०२४पासून तासाला दुसरी गाडी आली, ती न्यूपोर्टला जाते. रूळ दारापर्यंत आला तरी तासाला एक गाडी म्हणजे चुकली की पुन्हा वाट बघणं आलंच, फक्त आता छपराखाली.

ठाण्यात माझी नणंद राहते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमचं बरं आहे, तुमच्याकडे स्टेशन गावाकडे येतंय. ठाण्याचं उलट. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती थेट जुन्या गावाच्या उशाशी. जांभळी नाक्याचा बाजार स्टेशनपासून चालत. त्याहून जवळ काय असणार? मग गावच उठून घोडबंदर रोडला राहायला गेलं. नणंद कासारवडवलीला. सकाळी ती स्टेशनला पोचते तोवर ऑफिसला पोचण्याची ताकद संपलेली असते. आता ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर आणखी एक स्टेशन होतंय. तिच्या घरापासून तेही लांबच. रेल्वेने जागा धरून बसायचं आणि गावाने पळायचं, की गावाने बसायचं आणि रेल्वेने अर्ध्यावर थांबायचं, यातलं कुठलं बरं ते मी ठरवू शकत नाही. नेरुळमध्ये मी दोन्हीपासून वाचले. सिडकोने स्टेशनं आधी आखली आणि सेक्टर त्यांच्याभोवती मांडले. सोय आहे, नाकारत नाही. पण नेरुळ स्टेशनपासून बाजार किती लांब असं कुणी विचारलं तर मला कळत नाही काय सांगावं. बाजार म्हणजे नक्की कुठला?

उरणला गाडी येऊन आता बरेच दिवस झाले. स्टेशनच्या रस्त्यावर इमारतींचे फलक लागलेत, ‘स्टेशनपासून तीन मिनिटं’, फलकावर पोहण्याचा तलाव आणि कुत्रा फिरवणारं जोडपं. आई ते मोठ्याने वाचते आणि हसते. मला तितकं हसू येत नाही. भावाच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी फ्लॅट विकायला काढलेत, भाव बरा आलाय म्हणून. रेल्वे आली की गावातली माणसं बाहेर जातात हे ठाऊक होतं, कायमची जातील हे लक्षात आलं नव्हतं.

आणि मासेवाल्या. गेल्या पावसाळ्याआधी स्टेशनाबाहेरच्या वळणावर एकीने पाटी मांडली. ती करंजा गावची. पूर्वी ती बाजारात बसायची. मी तिला विचारलं, इथे का? तिने बोंबील साफ करता करता, मान वर न करता सांगितलं. डोके कापायची, पोट खरवडायची, पाण्यात बुचकळायची, पुढचा घ्यायची, आणि मधल्या मधल्या श्वासात बोलायची. बाजारात येणारं गिऱ्हाईक नेहमीचं, घासाघीस करतं. गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक घाईत असतं, उलव्याला, सीवूड्सला न्यायचं असतं, पिशवी पुढे करतं. ‘त्यांना बाजारात जायला वेल नाय. मीच आले.’ सुरक्षारक्षक तिला उठवतो, ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसते, गाडीच्या वेळेला परत येते. आता तिच्या शेजारी भाजीवाली आहे, तिच्या शेजारी वडापाव, त्याच्या बाजूला चावी बनवणारा. पावसात निळी ताडपत्री. आईने हे पाहिलं तेव्हा ती खूश झाली. आता बाजारात जायचं कारणच नाही, रिक्षाही नको, उतरायचं, बोंबील घ्यायचे, भाऊ घ्यायला आला की घरी. दोन महिने ती तिथूनच घेत होती.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘मग आजीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की! शून्य मीटर.’ आईने फोन माझ्या हातातून घेतला. ‘शून्य कसलं? स्टेशनावर बसते म्हणून वाट्यामागे वीस रुपये जास्त लावते ती. या शुक्रवारपासून मी पुन्हा पेठेत जाणार. तुझ्या बापाला सांग, गाडीच्या वेळेवर येऊन उभा राहा म्हणावं.’